रात्र कोणाच्या मालकीची?



अंगुत्तर निकायात आळवी नगरीजवळचा एक प्रसंग आहे. कडाक्याच्या हिवाळ्याचे दिवस होते. शिंसपा वनात, गुरांच्या वाटेवर, झाडाच्या पानांचे अंथरूण करून भगवान बुद्ध बसले होते. जमीन खुरांनी तुडवून खडबडीत झालेली, अंथरूण पातळ, चीवर गार पडलेले आणि वारा झोंबणारा. हत्थक नावाचा उपासक पाय मोकळे करीत तिकडे आला. त्याने वंदन केले, एका बाजूला बसला आणि विचारले, भगवंतांना रात्री सुखाने झोप लागली ना?

आत्म्याचे काय होते, जगाला अंत आहे की नाही, असले त्याने काही विचारले नाही. परगावाहून आलेल्या वडीलधाऱ्या माणसाची आपण जशी चौकशी करतो तशी त्याने केली. तथागतांनीही हा प्रश्न क्षुल्लक म्हणून बाजूला सारला नाही. जगात जे सुखाने निजतात त्यांच्यापैकी मी एक आहे, असे त्यांनी सांगितले आणि कारणही सांगितले. दारेखिडक्या बंद असलेला वाडा, मऊ बिछाना, दिवा, सेवेला माणसे, असे सारे असूनही लोभ, द्वेष आणि मोह यांची आग ज्याच्या आत पेटली आहे तो तळमळतच रात्र काढतो. तथागतांच्या ठायी ती आग विझली होती.

हा प्रसंग मी नवदीक्षित कुटुंबांपुढे मुद्दाम ठेवतो आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे काढले, लग्ने बौद्ध पद्धतीने लावू लागलो. परंतु आपल्या घरातील कमावते माणूस रात्री निजते की नाही, ही चौकशी धम्माच्या कक्षेत येते असे आपल्यापैकी किती जणांना वाटते?

मी साखरशेत येथे शिक्षक आहे. जव्हार-मोखाड्याचा हा मुलूख डोंगराचा. पाडे एकमेकांपासून लांब, आणि पावसाळ्यात मधले ओढे भरले की आणखी लांब. इथे नोकरीला आलेली जी थोडी बौद्ध कुटुंबे आहेत त्यांत कोणी आरोग्यसेविका आहे, कोणी वायरमन, कोणी रुग्णवाहिकेवर चालक, कोणी शिपाई. आपल्या समाजातील शिकलेली पहिली पिढी महाराष्ट्रभर साधारण अशाच नोकऱ्यांत गेली. मनमाड-भुसावळकडच्या घरांत रेल्वेचे ड्रायव्हर आणि गार्ड झाले. या नोकऱ्यांचा एक विशेष असा, की ड्युटी संपते पण माणूस सुटत नाही. पूर्वी रेल्वेच्या चाळीत बोलावणारा माणूस वही घेऊन दार वाजवी, आता उशाशी फोन असतो. याला सगळे ‘ऑन कॉल’ म्हणतात. बोलावणे येईलच असे नाही, पण येणार नाही असेही नाही.

एका रविवारी आमच्या वंदनेत एक परिचारिका भगिनी बसल्या बसल्या पेंगू लागली. एक वडीलधारे उपासक चिडून म्हणाले, “बाई, त्रिसरण म्हणताना तरी डोळे उघडे ठेवा. याला थीनमिद्ध म्हणतात!” बोलणे विद्वत्तेचे होते, कारण पाच नीवरणांत थीनमिद्ध, म्हणजे चित्ताची सुस्ती, आहेच. बाई ओशाळल्या. “होय बाबा,” म्हणून डोळ्यांना पाणी लावून आल्या. नंतर चहा घेताना सहज कळले ते असे. आदल्या रात्री दोन बाळंतपणे झाली होती. तीन वाजता त्यांनी पाठ टेकली, तोच फोन आला, की एका पाड्यावरून आणखी एकीला घेऊन निघालो आहोत. ती गाडी उजाडेपर्यंत आलीच नाही. “आली असती तर बरे झाले असते, बाबा. येणार म्हणून नुसती पडून राहिले,” असे त्या म्हणाल्या.

ज्याचे पोट भरलेले आहे, ज्याची झोप झालेली आहे आणि तरी ज्याचे मन कुशल कर्माकडे वळत नाही, त्याला थीनमिद्ध जडले आहे असे खुशाल म्हणावे. त्या बाईंचे शरीर आपले बुडालेले देणे मागत होते. त्या दोहोंना एकच नाव देणे मला मान्य नाही.

‘नुसती पडून राहिले’ या तीन शब्दांवर शास्त्रज्ञांनीही काम केलेले आहे. १९८८ साली स्वीडनच्या संशोधकांनी जहाजावरील इंजिनियरांच्या झोपेची मोजणी केली. रात्री इंजिनाचा धोक्याचा गजर वाजला तर उठायचे, एरवी निजायचे, अशी त्यांची पाळी होती. मेंदूच्या लहरी मोजल्या तेव्हा दिसले, की अशा रात्री गाढ झोप कमी होते आणि हृदयाचे ठोके वाढलेले राहतात. विशेष म्हणजे हा परिणाम पहिला गजर होण्याच्या आधीपासूनच दिसत होता. बोलावणे आले नाही तरी बोलावण्याच्या धास्तीने झोप खाल्ली होती. म्हणून “रात्री काम तर काहीच नव्हते, आराम होता,” असे जेव्हा साहेब म्हणतात तेव्हा ते अर्धेच खरे बोलत असतात.

आता मी ज्या गोष्टीकडे येतो आहे ती आपल्या वाडवडिलांनी अंगावर भोगलेली आहे. महारकीचे वतन म्हणजे तरी दुसरे काय होते? सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, साऱ्याच्या भरण्याबरोबर तालुक्याला चालत जाणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, वेशीवर राखण करणे, कोणी मेले की परगावी सांगावा नेणे, मेलेले जनावर ओढणे. या कामांचा तिरस्कार आपल्याला शिकवला गेला तो योग्यच होता. परंतु या कामांहून वाईट अशी एक गोष्ट त्या वतनात होती. कामाला सुरुवात आणि शेवट नव्हता. हाक आली की उठायचे. ती दुपारी येवो, मध्यरात्री येवो.

बाबासाहेबांनी नेमके इथे बोट ठेवले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. महार हा चोवीस तासांचा बांधलेला नोकर आहे आणि तो घरी नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कामाला धरले जाते, ही गोष्ट त्यांनी सभागृहापुढे ठेवली. म्हणजे नेमणूक एकाची आणि झोप साऱ्या घराची गेलेली. त्यांच्या मागण्या पाहिल्या तर त्या किती मोजूनमापून केल्या होत्या ते कळते. कोणती कामे करायची ते ठरवून द्या. बलुत्यासाठी दारोदार जायला लावू नका, ते रोख स्वरूपात सरकारने वसूल करून द्यावे. आणि ज्याला हे वतन नको असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून सेवेतून मोकळे होता यावे. ते विधेयक १९२९ साली मागे घ्यावे लागले. १९३९ च्या डिसेंबरमध्ये हरेगावच्या वतनदार परिषदेत बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा धसास लावला. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

माझ्या आजोबांच्या घराकडे येसकराची पाळी होती. कायदा झाला तेव्हा ते तिशीच्या आत होते. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते मोकळे माणूस म्हणून जगले, मुले शिकवली, दीक्षा घेतली. पण म्हातारपणीसुद्धा ते दाराजवळच निजत. रात्री कुत्रे भुंकले किंवा रस्त्यावर कोणी मोठ्याने बोलले की झोपेतच उठून बसत आणि “आलो जी!” म्हणत. आजी त्यांचा हात धरून खाली निजवायची. “अहो, गेलं ते वतन,” म्हणायची. वतन सातबाऱ्यावरून निघून गेले होते, त्यांच्या झोपेतून निघाले नव्हते.

हे दुःख आपल्या एका जातीचेच होते असेही नाही. या ठाणे जिल्ह्याच्या पट्ट्यात (पालघर जिल्हा त्यातून २०१४ साली वेगळा झाला) लग्नासाठी कर्ज काढलेला वारली बायकोसकट सावकाराकडे बांधला जाई. त्याला लग्नगडी म्हणत. त्याचाही दिवस आणि रात्र धन्याच्या हाताखाली असे. तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले, ते वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडण्यासाठी.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, आजची नोकरी आणि वतन यांची तुलना कशी होईल? आज पगार आहे, मान आहे, राजीनामा देता येतो. बरोबर आहे. तुलना सर्वांगाने होत नाही, आणि परिचारिकेला येसकर म्हणणे हा तिचा अपमान आहे. मी एवढेच विचारतो, की ज्या नोकरीत काम किती ते लिहिलेले नाही, सुटका केव्हा ते ठरलेले नाही आणि रात्रीच्या जागरणाचा हिशेब कुठेच धरला जात नाही, त्या नोकरीत बाबासाहेबांच्या विधेयकातील कोणती गोष्ट पुरी झाली? आशा भगिनींचेच पाहा. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून त्या काम करीत आहेत. गर्भवतीला कळा लागल्या की पाड्यावरचा पहिला दरवाजा वाजतो तो आशाताईचा. तिने सोबत जायचे, रात्र तिथेच काढायची, सकाळी येऊन घरची चूल पेटवायची. सरकारी कागदावर ती स्वयंसेविका आहे, आणि तिला मिळतो तो मोबदला, त्याला वेतन म्हणत नाहीत. २०२४ च्या आरंभी या स्त्रिया आझाद मैदानावर जाऊन बसल्या तेव्हा त्यांतल्या अनेकींनी तिथल्या जमिनीवरच रात्री काढल्या. त्यांत बौद्ध किती, आदिवासी किती, मराठा किती, हे मी मोजत नाही. धम्माला ते मोजण्याचे कारण नाही.

एक गंभीर आक्षेप आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. भगवान बुद्धांनी तर जागृतीची प्रशंसा केली, अप्रमाद शिकवला, भिक्खूंना जागरणाचा अभ्यास सांगितला. मग झोपेची वकिली धम्माच्या नावाने कशी करता?

तो जागरणाचा उपदेश नीट वाचावा. दिवसा आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी भिक्खूने चंक्रमण करावे, आसनावर बसावे, चित्त शुद्ध करावे. मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, सिंहासारखे निजावे. शेवटच्या प्रहरी उठावे. सर्वांत उद्योगी भिक्खूलाही तथागतांनी मधला प्रहर निजायला दिला आहे, तो काढून घेतलेला नाही. आणि निजताना त्याने काय करावे? आपण केव्हा उठणार ते स्वतःच्या मनाशी ठरवून मग डोळे मिटावे. मला या उपदेशातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच वाटते. त्या भिक्खूचे उठणे त्याच्या स्वतःच्या हाती आहे. येसकराचे उठणे पाटलाच्या हाती होते. उशाशी फोन घेऊन निजणाऱ्याचे उठणे फोनच्या हाती आहे. अंथरूण तिघांचे सारखेच असेल, पण निजणे सारखे नाही.

“बाबासाहेब रात्र रात्र जागले, तुम्हाला एक रात्र जड झाली?” हेही आपल्याच सभांतून ऐकू येते. बाबासाहेब जागले ते त्यांनी स्वतः निवडलेल्या कामासाठी, स्वतःच्या टेबलापाशी. आणि रात्रंदिवस राबलेल्या त्या देहाला अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने कसे जेरीस आणले होते तेही आपण वाचलेले आहे. त्यांच्या जागरणाचा दाखला देऊन दुसऱ्याची झोप मागणे शोभत नाही. मजूरमंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी काय केले ते पाहावे. कारखान्यातील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या कारकिर्दीतली आहे. स्वतः घड्याळ न पाहणाऱ्या माणसाने कामगाराच्या हातात घड्याळ दिले.

भगवान बुद्धांनीही मालकाचे कर्तव्य मोघम ठेवलेले नाही. सिगालोवाद सुत्त आपल्याकडे लग्नप्रसंगी सांगितले जाते, पती-पत्नीच्या कर्तव्यांपुरते. त्याच सुत्तात खालच्या दिशेविषयी, म्हणजे नोकरचाकरांविषयी, धन्याची पाच कर्तव्ये आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळच्या वेळी मोकळे करावे. या शेवटच्या कर्तव्याचा अट्ठकथेत दुहेरी अर्थ लावला आहे. एक, दिवसभर राबून माणूस थकेल म्हणून रोजच्या रोज त्याला सोडावे. दोन, सणासुदीला सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृहाच्या एका गृहस्थाच्या मुलाला हे सांगितले गेले. २००३ साली युरोपच्या न्यायालयापुढे जर्मनीतील कील शहराच्या एका डॉक्टरचा दावा आला होता. रुग्णालयात ऑन कॉल असताना त्यांना निजायला खोली होती, पलंग होता. न्यायालयाने निकाल दिला, की रुग्णालयातच थांबायला लावले असेल तर तो सगळा वेळ, झोपेत गेला तो धरून, कामाचाच वेळ मोजला पाहिजे. आपल्याकडेही निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांपेक्षा अधिक नसावी असा नियम केंद्र सरकारने १९९२ साली केला. तो किती रुग्णालयांत पाळला जातो, हे कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे.

पण बाळंतपण घड्याळ पाहून येत नाही, हे इथे राहणाऱ्याला कोणी सांगायला नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत एका आदिवासी मातेची जुळी बाळे जन्मताच दगावली आणि रस्ता नसल्याने त्या मातेला झोळीतून वाहून आणावे लागले. अशा मुलखात रात्री कोणी उठलेच पाहिजे. रुग्णाची सेवा हे मोठे कुशल कर्म आहे. अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला खुद्द तथागतांनी आनंदाबरोबर धुतले, पुसले, उचलून निजवले. परंतु ती कथा तिथे संपत नाही. पुढे त्यांनी संघाला विचारले, की याची शुश्रूषा कोणी का केली नाही? आणि नियम घालून दिला. रुग्ण भिक्खूची सेवा उपाध्यायाने करावी, आचार्याने करावी, शिष्याने करावी, बरोबरच्यांनी करावी, यांपैकी कोणी नसेल तर संघाने करावी. करुणा एका दयाळू माणसाच्या पाठीवर टाकून बाकीचे निजले, असे त्यांनी होऊ दिले नाही. एका उपकेंद्राला एकच बाई आणि तिच्याकडे सगळ्या रात्री, ही व्यवस्था तिच्या करुणेवर चालते. ती करुणा आटली म्हणजे आपणच म्हणतो, सिस्टर फार खेकसते.

पाचव्या शीलाविषयीही बोलले पाहिजे. मद्य हे प्रमादाचे स्थान आहे म्हणून आपण ते वर्ज्य केले. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी माणसांना एकदा जागे ठेवून आणि एकदा दारू पाजून त्यांच्या हाताचे व नजरेचे काम मोजले. सतरा तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका चुकत होता. चोवीस तास जागलेल्याची अवस्था ०.१० टक्क्यांच्या जवळ गेली होती. म्हणजे दारूचा थेंबही न शिवलेली बाई इंजेक्शन भरते, वायरमन खांबावर चढतो, चालक जव्हारचा घाट उतरतो, आणि त्यांचे शरीर मात्र प्यालेल्या माणसासारखे झालेले असते. तो प्रमाद त्यांच्या शीलात मोजायचा की ज्याने त्यांना सोडले नाही त्याच्या? दुसरी बाजूही सांगतो. झोप येत नाही म्हणून पुरुष मंडळी घोटभर घेऊ लागतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण मागल्या रात्री झोप तुटते, आणि उद्या दोन घोट लागतात. या वाटेने गेलेली दीक्षित घरे मी पाहिली आहेत.

मग आपण काय करावे? कायदा आणि संघटना यांचे काम संघटनेने करावे. ज्याची संघटना असेल त्याने वर्गणी भरावी आणि पाळ्यांचा तक्ता, जागरणाच्या बदली सुटी आणि रात्रीचा हिशेब लेखी मागावा. तोंडी मागणे हे बलुते मागण्यासारखेच आहे. घराचे काम मात्र आजच होण्यासारखे आहे. रात्रपाळीहून आलेल्या सुनेला सासूने लगेच चहा-भाकरीला लावू नये, हे लिहावे लागते याची मला लाज वाटते. मुलगा रात्रपाळी करून आला तर घरात सगळे हळू बोलतात, सून आली तर भांडी वाजतात. आपण वतन सोडले आणि घरातल्या बाईला येसकर केले, असे होऊ देऊ नका. तान्हे रडले, म्हाताऱ्याला पाणी हवे झाले, दार वाजले, प्रत्येक वेळी तीच उठते. तिच्या वाटणीच्या काही रात्री नवऱ्याने घ्याव्यात आणि त्या रात्री तिने दुसऱ्या खोलीत निजावे. दुसरी खोली नसेल तर बाळ नवऱ्याच्या बाजूला निजवावे. दिवसा निजणाऱ्याच्या खिडकीला जाड चादर लावावी. कोणी भेटायला आले तर “निजले आहेत” असे सांगण्यात कमीपणा मानू नये. बोलावण्याचा फोन आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्याच्या उशाशी जाईल अशी अदलाबदल सोबत्यांनी आपसात करावी. आमच्याकडे दोन कुटुंबांनी ती सुरू केली आहे.

आणि वंदनेची वेळ. सकाळी आठची वंदना आम्ही आता रविवारी सायंकाळी पाचला करतो. त्या वडीलधाऱ्या उपासकांनीच ही सूचना मांडली. मागच्या रविवारी त्या भगिनी आल्या तेव्हा त्यांनी पंचशीलाच्या आधी त्यांना विचारले, “काय बाई, झोप झाली का?”